आईच्या नावावरची सवलत

आईचा आरोग्य विमा मी मार्च महिन्यात काढला. का काढला, हे आधीच सांगून टाकतो. माझा कर जास्त कापला जाणार होता.

मी अमरावतीत एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला आहे. पगारबिलं माझ्या टेबलावर असतात. प्राध्यापकांपासून शिपायांपर्यंत सगळ्यांचा आयकर मीच काढतो. त्या वर्षी मला बढतीची थकबाकी एकदम मिळाली आणि फेब्रुवारीच्या बिलात स्वतःच्या नावापुढचा आकडा पाहून मी पेन खाली ठेवला. दुसऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो, तेच मग स्वतःला सांगितलं. आईचा विमा काढ, रिटर्न भरताना परत मिळेल.

नियम सोपा आहे. आई-वडिलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता मुलाने भरला, तर तेवढी रक्कम त्याच्या उत्पन्नातून वजा होते. आई-वडील साठीच्या पुढचे असतील तर मर्यादा मोठी. हप्ता रोखीने भरला तर सवलत नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात चांगलंच असणार, की कर वाचतो म्हणून का होईना, माणसं म्हाताऱ्यांच्या दवाखान्याची सोय करतील. आमच्या ऑफिसात मार्च आला की ज्या आया अकरा महिने कुणाला आठवत नसत, त्यांची जन्मतारीख शोधणं सुरू व्हायचं. इतिहासाचे एक सर दरवर्षी मला विचारायचे, "सासू बसत नाही का हो यात?"

"नाही सर. फक्त स्वतःचे आई-वडील."

"कायदा करणाऱ्यालेही सासू असन," असं म्हणून ते फॉर्म घेऊन जायचे.

बाबांना साखरेचा त्रास, त्यांचा हप्ता फार येत होता. शिवाय माझ्या कराला जेवढी वजावट हवी होती, तेवढी आईच्या एकटीच्या हप्त्यात भागत होती. म्हणून आईचा काढला. आईचं खरं वय कुणालाच माहीत नाही. आधारकार्डावर तिला साठ वर्षं पूर्ण झाली होती. ते बरं झालं, असं मला वाटलं.

आमचं गाव अकोटकडे. बागाईत थोडी, पण बारा महिने हिरवी. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाच्या अंगाने झेंडू. आई-बाबा पिकवत आणि आईच अकोटच्या बाजारात विकत असे. मी शाळेत असताना ती डोक्यावर टोपलं घेऊन पहाटे रस्त्यापर्यंत चालत जायची आणि पहिल्या एसटीत टोपल्यासकट चढायची. माझी मोठी बहीण सातवीनंतर शाळेतून निघाली, कारण तोडणीला हात कमी पडत होते. माझे हात कधी कुणी मागितले नाहीत. मी बी. कॉम. झालो तेव्हा आमच्या घराण्यात पदवी हा शब्द पहिल्यांदा आला. हे उपकार मी विसरलेलो नाही. लग्नातल्या भाषणात सांगितले, नोकरी लागल्यावर शाळेतल्या सत्कारात सांगितले. दोन्ही वेळा आई समोर बसली नव्हती. ती मागे पाहुण्यांचं पाहत होती.

विम्यासाठी आईला अमरावतीला आणलं. एजंटने तिला रक्त तपासायला नेलं. परत आल्यावर ती म्हणाली, "तीन बाटल्या काढल्या रे रक्ताच्या. एवढं कायले लागते त्यायले?"

"बाटल्या नाही आई, नळ्या. आजार आहे का ते पाहतात."

"आजार असन तर देत नाहीत?"

"आधीचा असला तर लगेच देत नाहीत."

"म्हणजे चांगल्या माणसालेच आजारी पडू देतात," ती म्हणाली, आणि एजंट हसला. मीही हसलो.

पैसे कुठून येतात, हे मी तिला माझ्या परीने समजावलं. मी हप्ता भरतो, सरकार माझा कर कमी करते, म्हणजे यातला काही भाग सरकारच देते. तिने यातून एवढंच घेतलं की सरकार तिच्या दुखण्याचे पैसे देणार आहे. प्लॅस्टिकचं कार्ड आलं. शेत बाबांच्या नावावर, घर बाबांच्या नावावर, रेशनकार्डावर ती दुसऱ्या ओळीत. हे कार्ड तिच्या एकटीचं होतं. बाबा ते उलटसुलट करून पाहत म्हणाले, "मेल्यावर भेटते का यात काही?"

"मेल्यावर नाही बाबा. दवाखान्यात भरती झाल्यावर."

"मंग काय कामाचं? मेल्यावर भेटत असतं तर बुढी काही तरी कामाले आली असती."

आईने कार्ड त्यांच्या हातातून घेतलं. "तुमाले जळते," ती म्हणाली. "तुमच्या नावाचं नाई निंगालं."

ही पाडव्याच्या आसपासची गोष्ट. त्याच वर्षी दिवाळीला मी गावी गेलो, तेव्हा आईने विम्याचं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. "याच्यात काय काय बसते, वाच बरं बापू."

मी मोबाईल पाहत होतो. एका हाताने पानं उलटली आणि वाचत गेलो. मोतीबिंदू. हर्निया. मूळव्याध. पुढचा शब्द गर्भाशयाचा होता. तो मी आईसमोर वाचला नाही. "बायांचे पोटातले आजार," असं म्हणालो.

"ते केव्हापासून देतात?"

"हे यादीतले सगळे दोन वर्षं झाल्यावर. आधी नाही."

"दोन वर्षं म्हणजे?"

"मार्चमध्ये पॉलिसी काढली ना. येत्या पाडव्याला एक होईल."

"म्हणजे त्याच्या पुढच्या पाडव्याले."

"हो."

"पक्कं?"

"पक्कं. लिहिलेलंच आहे."

नवीन पंखा आणला तरी किती दिवसांची गॅरंटी, हे ती विचारते. तसंच विचारतेय, असं मला वाटलं. ती उठताना भिंतीला हात लावून उठली. ते मला दिसलं होतं. पण साठीच्या बाईने भिंतीला हात लावून उठण्यात विशेष काय?

पुढच्या मार्चमध्ये मी हप्ता भरला. कर पुन्हा वाचला. त्याच सुमारास नवी करपद्धत पार बदलल्याची बातमी आलेली होती. आमच्यासारख्यांच्या पगारावर आता कर शून्य. अट एकच, जुन्या सवलती सोडायच्या. विमा, घरभाडं, मुलांची फी, कशाचीच वजावट नाही आणि कशाची गरजही नाही. ऑफिसात पेढे आले. पेढे मीच वाटले, कारण सगळ्यांचे आकडे काढून बहुतेकांना "तुम्हाला शून्य" असं सांगण्याचा मान माझा होता. त्या आठवड्यात मला जेवढे आशीर्वाद मिळाले, तेवढे नोकरीत कधी मिळाले नव्हते. इतिहासाचे सर म्हणाले, "म्हणजे आता आईची पॉलिसी नको?"

"करासाठी नको सर."

"मग आणखी कशासाठी असते?"

सगळे हसले. सरांनी ती बंद केली. आणखी सात-आठ जणांनी केली. मी कुणाला बंद करा म्हणालो नाही. फायदा नाही, एवढंच म्हणालो.

आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर आहे, परतवाड्याचा. त्याचे वडील पूर्वी शिवणकाम करत, आता त्यांना डोळ्यांनी दिसत नाही. तो दरवर्षी वडिलांच्या विम्याची पावती आणून माझ्या टेबलावर ठेवायचा. त्याला मी सांगितलं, "आता ही पावती द्यायची गरज नाही. काही सूट मिळत नाही हिच्यावर."

तो पावती उचलत म्हणाला, "मोठे बाबू, मले टॅक्स लागलाच कधी? माझा पगार तुमीच काढता."

"मग इतकी वर्षं पावती का देत होतास?"

"तुमी सगळ्यायले मागत होते. म्हटलं आपली बी असू द्या."

ही गोष्ट मी घरी गंमत म्हणून सांगितली. ज्याला सवलतीची गरजच नव्हती तो हप्ते भरत होता, याचं मला हसू आलं होतं.

त्याच वर्षी सरकारने विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही काढला. म्हणजे आईचा हप्ता आधीपेक्षा स्वस्त झाला होता. पुढच्या मार्चमध्ये एजंटचा फोन आला तेव्हा त्याने हे सांगितलं. वर म्हणाला, "सर, दोन वर्षं पूर्ण होऊन राहिले. आता तर खरा फायदा चालू होते. या टायमाले सोडू नका." मी हे सगळं नीट ऐकलं. ऐकताना मनात म्हणालो, याचं कमिशन जातंय. बडनेरा रोडला मी एक प्लॉट धरला होता, त्याचा हप्ता मार्चलाच होता. "पाहतो," असं म्हणून मी फोन ठेवला. नंतर तीन मेसेज आले. मुदत संपल्यावरही महिनाभर भरता येतं, असं शेवटच्या मेसेजमध्ये होतं. तोही मी वाचला. विसरलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

एप्रिल संपता संपता आई आणि बहीण अमरावतीला माझ्या घरी आल्या. बहीण दर्यापूरला दिलेली आहे, ती माहेरी जाऊन आईला घेऊन आली होती. आईजवळ कपड्यांची पिशवी होती, त्यात दोन नवी लुगडी, ताट, पेला. लग्नसराईचा झेंडू निघेपर्यंत ती थांबली होती, नाहीतर पाडव्यालाच येणार होती. मी विचारलं, "अचानक?"

बहीण म्हणाली, "अचानक नाही. आईले दवाखान्यात भरती करायचं हाये."

"काय झालं?"

"इकडं ये," ती म्हणाली आणि मला बाहेरच्या ओट्यावर घेऊन गेली. आई आत माझ्या बायकोशी वांग्यांच्या भावाचं बोलत होती.

"तिचं अंग बाहेर येते," बहीण म्हणाली. "दीड वर्ष झालं. वांग्याचं कॅरेट उचलत होती, तवापासून. चिंध्यायनं बांधते अन् तोडणी करते. आता चालताना बी बाहेर राह्यते. लघवी थांबत नाही. समजलं, की आणखी सांगू?"

मी म्हणालो, "मला का नाही सांगितलं?"

"तुले? ती तुले सांगन हे? मले बी सांगतलं नव्हतं. मी पाह्यलं म्हणून."

"मग तेव्हाच आणायचं ना."

"मी म्हटलं तेव्हाच. ती म्हणे, दोन वर्षं झाल्याशिवाय देत नाहीत, बापूनं पुस्तक वाचून सांगतलं. बापूचे पैसे कायले लावू, सरकार देऊन राहिलं तर. दीड वर्ष दिवस मोजून राहिली. मले म्हणे, पाडवा झाला की चाल."

आम्ही ऑटोने दवाखान्यात गेलो. आई सीटच्या कडेला एका अंगावर बसली होती, आणि ती तशी का बसते, हे आता मला माहीत होतं. रस्ताभर मी दिवस मोजत होतो. मुदत संपून महिना आणि वर चार दिवस झाले होते. दोनदा मोजले. पाडव्यालाच आली असती तर त्या दिवशी मोबाईलवरून भरून टाकलं असतं. हे तेव्हा माझ्या मनात आलं, आणि त्या क्षणी मला तिचाच राग आला की झेंडूसाठी थांबली. विमा बंद आहे, असं मी ऑटोत सांगितलं नाही. कुठल्यातरी कंपनीत चार दिवस चालत असतील, अशी आशा मी केली. पगारबिलात एका दिवसाचीही चूक चालू न देणारा माणूस मी.

बाईडॉक्टरांनी तपासलं. बहीण आत होती. बाहेर येऊन म्हणाली, गर्भाची पिशवी काढावी लागते, लवकर. मग आम्ही विम्याच्या खिडकीशी गेलो. खिडकीत एक पोरगी होती. आईने कार्ड स्वतः दिलं. मी हात पुढे केला होता, तिने माझ्याकडे दिलं नाही.

पोरीने नंबर टाकला. "आजी, ही पॉलिसी बंद आहे."

"काय म्हणते?" आईने बहिणीला विचारलं.

"बंद आहे," पोरगी जरा मोठ्याने म्हणाली. मागच्या रांगेतलेही पाहू लागले. "यावर्षी हप्ता भरला नाही. मुदत गेली."

"नाही वो बाई," आई हसून म्हणाली. "भरला असन. पाह्य बरं पुन्हा. माह्या पोराच्या हातून सगळ्या कॉलेजचे पगार निंगतात. हा काय उभा."

पोरीने माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही भरलाय का?"

मी म्हणालो, "नाही."

एवढंच म्हणालो. आणखी काहीतरी म्हणायला पाहिजे होतं म्हणून पुढे म्हणालो, "नियम बदलले ना मधात." हे मी आईला सांगितलं की त्या पोरीला, मला माहीत नाही. पोरीला नियम माहीत होते. ती कार्ड परत देत म्हणाली, "नवीन काढता येते. पण दोन वर्षांचं वेटिंग पुन्हा पहिल्यापासून."

"पुन्हा दोन?" आईने विचारलं.

"हो आजी."

आम्ही बाजूच्या बाकावर बसलो. बहिणीने डॉक्टरांनी दिलेला खर्चाचा कागद माझ्या मांडीवर ठेवला. आकडा मोठा होता, पण माझ्या आवाक्याबाहेरचा नव्हता. कुठून तरी काढून देता आला असता. प्लॉटचा पुढचा हप्ता थांबवून तर नक्कीच. मी कागद पाहत होतो. जूनमधला हप्ता, मुलीची फी, भविष्य निर्वाह निधीतून उचल मिळायला किती दिवस, हे माझ्या डोक्यात आपोआप मांडलं जात होतं. माझं कामच ते आहे. मग मी मान वर केली आणि म्हणालो, "मी भरतो."

पण ते लगेच म्हणालो नाही. मधे जेवढा वेळ गेला, तेवढा वेळ आई माझ्या तोंडाकडे पाहत होती. बाजारात गिऱ्हाईक वांगं हातात धरून विचार करत असलं, की घेणार की ठेवणार हे ती त्याच्या तोंडावरून सांगते.

"राहू दे," ती म्हणाली.

"अगं, मी भरतो म्हटलं ना."

"नाही. सरकार देत होतं म्हणून करत होती मी. तसं काही एवढं नाही." ती बहिणीकडे वळली. "चाल वो. उन्हाच्या आधी गाडी भेटन."

मी डॉक्टरकडे परत गेलो, बोललो. आई ऑपरेशनला तयार नाही म्हटल्यावर त्यांनी अंग आत धरून ठेवणारी रबराची रिंग बसवून दिली. तीन महिन्यांनी बदलावी लागेल म्हणाल्या. ती काही महाग नव्हती. तिचे पैसे मी त्याच क्षणी दिले.

बसस्टँडवर बहीण आईला खिडकीजवळ बसवून खाली उतरली. "एक इचारू? किती वाचले तुले?"

"ताई, असं काय बोलतेस?"

"इचारून राहिली. सातवीच शिकली म्हणून हिशेब येत नाही मले. कर किती वाचला, अन् पॉलिसी सोडून किती वाचले? दोन्ही मिळून सांग."

मी तिकिटाचे पैसे पुढे केले. ती म्हणाली, "मायची बी कमाल हाये. दीड वर्ष चिंध्या बांधून तुये पैसे वाचवून राहिली, अन् तिले माहीतच नाही की तू बी तेच करून राहिला."

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. "सरकारनं पॉलिसी बंद केली म्हणते तुही माय. मी आधीच म्हणत होतो, निरा कागद हाये तो." आईने गावात असंच सांगितलं होतं. सरकारनं बंद केली. खिडकीतल्या पोरीचं बोलणं तिला कळलं नव्हतं, असं होऊच शकत नाही. मी बाबांना म्हणालो, "हो, नियम बदलले." अजूनही गावात तेच चालतं. शेजारच्या माणसाने मला एकदा विचारलं, "काहून बंद केलं हो सरकारनं गरिबायचं?" मी त्यालाही नियम समजावून सांगितला.

मी नवीन पॉलिसीचा फॉर्म मागवला. एजंटने या वेळी आधीचा आजार म्हणून खरं लिहायला सांगितलं, आणि हप्ता वाढला. फॉर्मवर सही घ्यायला मी गावी गेलो तेव्हा आईने सही केली, पण कार्ड आल्यावर ते तिने माझ्याकडेच ठेवायला सांगितलं. "माह्याकडून हरपते," ती म्हणाली. घरातली एकही वस्तू तिच्याकडून कधी हरवल्याचं मला आठवत नाही.

पावसाळा लागल्यावर एका दुपारी ऑफिसात बाबांचा फोन आला. "झालं तुह्या मायचं."

"काय झालं?"

"आपरेशन. अकोल्याले, सरकारीत. आज आठवा दिवस. बरी हाये. येतो म्हणशीन तर ये, नाही तर उद्या-परवा सुट्टीच हाये तिची."

बहिणीने सगळं केलं होतं. रिंगेने जखम झाली होती, ते मला कळवलं नव्हतं. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात तिने चार खेपा केल्या, रक्त-फोटो केले, नंबर लावला, आणि मला सांगू नका असं बाबांना बजावलं होतं. मी अर्धा दिवस रजा टाकून निघालो. निघताना परिचराने विचारलं, कुठं? मी सांगितलं. तो म्हणाला, "कॅशलेस झालं असन ना?" मी हो म्हणालो.

बायकांच्या वॉर्डात एका पासवर एकच माणूस सोडत होते. पास बहिणीकडे होता. ती दारात आली, मला पाहिलं, आणि पास हातात घेऊन थोडा वेळ तशीच उभी राहिली. दारावरच्या बाईने विचारलं, "कोण लागतात?"

"पेशंटचे नातेवाईक," बहीण म्हणाली. मग तिने पास माझ्या हातात दिला आणि दारावरच्या बाईला काहीतरी सांगून स्वतःही मागून आत आली.

आई बारीक दिसत होती. मी तिच्या पायाशी उभा राहिलो. ती म्हणाली, "जेवून आला?"

"हो."

"रजा पडली तुही."

"अर्धीच."

"बस म्हणा तर जागा नाही," ती म्हणाली. मी माफी मागायचं ठरवून आलो होतो. वाक्यं एसटीत जुळवली होती. शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडेच पाहत होती, म्हणून थांबलो. आई तिला म्हणाली, "हा माहा पोरगा. ग्रॅज्वेट हाये. अमरावतीले कॉलेजात सगळ्यायचा कर हाच पाह्यते."

टोमणा नव्हता तो. टोमणा मारताना तिचा आवाज कसा होतो, ते मला माहीत आहे.

शेजारची बाई उठून बसली. "मंग बरं झालं. आमचा पोट्टा मास्तर हाये, मूर्तिजापूरले. तो म्हणे, माय, तुया विमा आता भरत नाही, टॅक्समधी त्याचं काही भेटत नाही. खरं हाये का हो भाऊ?"

"टॅक्समध्ये मिळत नाही, हे खरं आहे," मी म्हणालो.

"मंग कायले भरा?"

मी म्हणालो, "भरायला सांगा."

"पण काहून? फायदा नाही म्हणता ना तुमी."

आईनेही मान वळवून माझ्याकडे पाहिलं. खरंच ऐकायचं होतं तिला. सगळ्या कॉलेजला समजावून सांगणारा मी या बाईला काय सांगतो, ते. मी सुरुवात केली, की वजावट ही एक गोष्ट आणि विमा ही दुसरी गोष्ट. ती बाई मान डोलावत होती. दोन वर्षांच्या अटीपर्यंत आलो आणि माझं बोलणं थांबलं.

बहिणीने खाटेखालचं भांडं पायाने आत सरकवलं आणि माझ्या हातातून पास घेतला.

"टाइम झाला," ती म्हणाली. "बाहेर थांब."